हाक न देता आलेली बाई

माझ्याकडं शाली फार झाल्यात. दर वर्षी जयंतीच्या कार्यक्रमाला पोरं मला गावाकडं घेऊन जातात, मंडपात पुढच्या खुर्चीवर बसवतात, आणि कुणीतरी माईक हातात घेऊन सांगतं, "हीच ती आज्जी, जिनं गोफण चालवून आपली वस्ती वाचवली!" टाळ्या पडतात. एक शाल, एक नारळ. मी हात जोडते आणि खाली बसते. आता तुम्ही म्हणाल, एवढा मान मिळतो, मग रडगाणं कशाचं? तर ती गोष्ट अर्धीच आहे म्हणून. त्या गोष्टीत एक बाई होती. ती मी गाळली. कुणी मला गाळायला सांगितलं नव्हतं, माझी मीच गाळली.

म्हातारपणी अक्षरं गिरवून चार आठवणी लिहायला लागले होते, पण हे लिहायला बसले ते नातीमुळं. ती बीडला माझ्याजवळ राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. मोठ्यानं वाचायची सवय आहे तिला, त्यामुळं जगाचा इतिहास मलाही बसल्या जागी ऐकायला मिळतो. एक दिवस ती आर्मेनियन लोकांचं वाचत होती. पहिल्या महायुद्धात तुर्कांच्या राज्यात या लोकांना घरादारातून काढलं, वाळवंटाकडं हाकलत नेलं, वाटेत मारलं, उपाशी ठेवून मारलं. लाखांनी मेले. पण काही गावांनी जायला नकार दिला. समुद्राकाठच्या एका डोंगरावर ती माणसं बायकापोरं, शेरडंमेंढरं घेऊन चढून बसली. हातात होत्या त्या जुन्यापान्या बंदुका. त्यावर त्यांनी फौजेला कित्येक आठवडे वर चढू दिलं नाही. बंदुका पुरल्या नाहीत तिथं वरून धोंडे लोटले. शेवटी परक्या देशाची जहाजं आली आणि त्यांना घेऊन गेली.

"आजी, हे तर थेट तुमच्या वस्तीसारखं झालं," नात म्हणाली.

मी तव्यावर भाकरी टाकत होते. म्हटलं, "न्हाई गं बाई. ते लाखांनी मेले, आमची एक वस्ती. त्यांच्यापुढं आमचं नाव नको काढू." आणि मग मला राहवेना. विचारलं, "त्या डोंगरावरच्या लोकांनी चुकून कुण्या भल्या माणसाला मारलं का? मदतीला आलेल्याला?"

तिनं पान पुढं-मागं केलं. "असलं पुस्तकात देत नाहीत. एवढंच दिलंय की काही तुर्कांनी आर्मेनियन शेजाऱ्यांना घरात लपवलं."

"मग त्या लपवणाऱ्यांचं पुढं काय झालं?"

"तेही नाही दिलं."

भाकरी करपली. नात म्हणाली, "आजी, लक्ष कुठाय तुझं?" लक्ष कुठं होतं ते आता सांगते.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. कोरडं रान, वर माळ, खाली ओढा. ओढ्याच्या पलीकडं गाव, अलीकडं आमची वस्ती. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी धर्म घेतला तेव्हाच मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, गावाची हलगी वाजवायचं सोडलं. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. पावसाळ्यात सगळे गावात, गावच्या शेतांत खुरपणीला.

मी नवी सून होते. ज्या मालकाच्या रानात खुरपायला जायची, त्यांच्याकडंही एक नवी सून होती. तिचं माहेर कपिलधारच्या अंगाला, माझंही तिकडंच. एवढं पुरलं. दोघी बांधावर बसलो की तिकडच्या धबधब्याचं बोलायचं, जत्रेतल्या बांगड्यांचं बोलायचं. चारचौघांत मी तिला "वैनी" म्हणायची, अहो-जाहो करायची. एकट्या असलो की "अगं-तुगं".

माझी गोफण तिला फार आवडायची. माझ्या बापाला लेक नव्हता, ज्वारी राखायला मलाच बसवायचा. त्यानं अंबाडीच्या सुताची गोफण वळून दिली आणि नेम शिकवला. शंभर पावलांवरचं पाखरू मी उठवायची, म्हणाल त्या कणसावरचं. वैनी म्हणायची, "तुझ्या बापानं नेम शिकवला, पण नांदणं काही शिकवलं न्हाई." एकदा तिनं स्वतः गोफण फिरवायचा हट्ट धरला. गरगर फिरवली, दोरी सोडली, आणि दगड मागं जाऊन तिच्याच सासऱ्याच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर बसला! बैल उधळला. आम्ही दोघी बांधाआड पोट धरून हसत बसलो. सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाली, "गांधीलमाशी चावली असंल मामंजी."

त्याच पावसाळ्यात एका विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. नाव कुणाचं द्यायचं हा वाद शहरातला, पण जळू लागल्या त्या खेड्यातल्या आमच्या वस्त्या. आज या गावची वस्ती जाळली, काल त्या गावचा माणूस मारला, अशा बातम्या यायच्या. माझे मालक रोजगार हमीच्या कामावर बीडकडं अडकलेले, गाड्या बंद. घरात सासूबाई, मी आणि माझा थोरला दीर. वस्तीचा सगळा कारभार तेव्हा दिराच्या हातात आला. पोलिसांना निरोप गेला होता, पण ते कधी येतील याचा भरवसा नव्हता. दीर म्हणाला, "पळून कुटं जायचं? रस्त्यावर तर अजूनच सोपं सापडू. हितंच उभं ऱ्हायचं."

तर उभं राहिलो. ऊस तोडायचे कोयते घराघरात होते, ते पाजळले. बैलगाड्या आडव्या लावून गल्लीचं तोंड बंद केलं. आम्ही बायकांनी ओढ्यातले गोटे घमेल्यांनी वाहून आणले, मिरच्या कुटून पूड केली. इशारा कसा द्यायचा यावरून मात्र भांडण झालं. एक म्हातारे म्हणाले, "माझ्या माळ्यावर हलगी हाय अजून. ती वाजवा, आर्ध्या कोसावर ऐकू जाती." दीर भडकला. "बाबा, मरू पर हलगी वाजवणार न्हाई. वाजवली तर म्हणतील, आले पुन्हा कामावर." सासूबाई म्हणाल्या, "मंग माझी पितळी घ्या अन् बडवा. पर पोचा पडला तर जेवायला तुझ्या ताटात बसंन." तेवढ्या भीतीतही सगळे हसले. ठरलं, थाळी वाजवायची.

आणि दुसरं ठरलं ते हे. ओढ्यातून जो येईल त्यानं तिथंच थांबून मोठ्यानं "जय भीम" घालायचा. शेजारच्या वस्त्यांतून आमची माणसं निरोप घेऊन येत होती, त्यांच्यासाठी हा नियम. दीर मला म्हणाला, "ज्यानं घातला तो आपला. ज्यानं न्हाई घातला तो दुश्मन. इचारीत बसायचं न्हाई." मी मान हलवली. सगळ्यांनीच हलवली. गावातून कुणी आमच्या भल्यासाठी येईल, आणि आलं तर त्याच्या तोंडातून ती हाक निघेल कशी, हे एकाही माणसाच्या मनात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही. मला तर यायला पाहिजे होतं.

मला ओढ्याच्या अंगाला लिंबाखालच्या दगडांच्या ढिगावर बसवलं, कारण नेम माझा. तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी दुपार कलली होती, भुरभुर चालू होती. पुढं बाजरी कमरेला लागलेली. बाजरीत काहीतरी हललं. कुणीतरी वाकून, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ओढा ओलांडून आलं होतं. अशी खोळ पावसात गडीमाणसं घेतात. मी ओरडले, "कोण हाय?" उत्तर नाही. पुन्हा ओरडले. ते माणूस थांबलं, थोडं सरळ झालं आणि त्यानं हात वर उचलला. मला वाटलं, दगड मारतंय. माझी गोफण आधीच फिरत होती.

सोडली.

बापानं शिकवलेला नेम. माणूस जागेवर बसल्यासारखं खाली गेलं.

दीर कोयता घेऊन धावला, मी मागून. त्यानं खोळ ओढली आणि ओरडला, "आगं, ही तर बाई हाय!" वैनी होती. डाव्या डोळ्यावरून रक्त कानाकडं चाललेलं. हात रिकामे. तिनं माझ्याकडं बघितलं की नाही मला सांगता येत नाही. ती एवढंच बोलली, "माळाकडनं... दिवेलागणीला... माळाकडनं येणारेत." आणि तिची मान पडली.

आम्ही सगळे दगड ओढ्याकडं रचले होते. माळाकडं काही नव्हतं.

दिरानं तिथंच उभ्या उभ्या दोन गोष्टी ठरवल्या. पोरांना हाक मारली, "गाड्या उचला, सगळं माळाच्या अंगाला न्या!" आणि मग हळू आवाजात मला म्हणाला, "हिला हितं ठिवली अन् त्यांनी बघितली, तर वस्तीत माणूस उरायचं न्हाई." ते खरं होतं. आजही मला तसंच वाटतं. सासूबाई आल्या, "आरं, फडकं तरी बांधा!" म्हणाल्या, स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून त्यांनीच बांधला. मग दिरानं खांदे धरले, मी पाय धरले, आणि आम्ही तिला ओढ्यापलीकडं नेऊन एका बाभळीखाली ठेवलं. छाती हलत होती. मी खोळ तिच्या अंगावर टाकली. दीर म्हणाला, "मागं बघू नको." मी बघितलं नाही.

दिवेलागणीला गावातले लोक माळाकडूनच आले. आमच्या गाड्या, आमचे कोयते, भिंतीवर चढलेल्या बाया, हे सगळं त्यांनी बघितलं आणि लांबच थांबले. शिव्या दिल्या, दगड फेकले. मीही गोफण चालवली, ते खोटं नाही. एक कडब्याची गंजी पेटवली आणि गेले. माणूस एकही मेला नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आली आणि पुढं पंधरा दिवस राहिली.

गावात बातमी अशी आली की मालकाची सून ओढ्यात घसरून दगडावर पडली. बीडला नेली, डोळा गेला. हे तिनंच सांगितलं होतं घरी. ती खरं बोलली असती तर पोलिसांची गाडी काय पुरली असती? म्हणजे एकाच बाईनं आम्हाला दोनदा वाचवलं. आणि वस्तीत पोरं विचारायची, "माळाकडनं येणार हे कळलं कसं?" दीर म्हणायचा, "हिनं झाडावरनं बघितलं." मी गप्प बसायची. पुढं लोक तेच सांगू लागले. मग माईक आला.

मी तिला भेटायला गेले नाही. पहिल्यांदा भीती होती. त्या साली ऊसतोडीला गेलो, आलो तेव्हा लाज होती. मग मुलगा नोकरीला लागला, आम्ही बीडला आलो, तेव्हा कारण होतं, की आता लांब आहे. दीर गेला. सासूबाई जायच्या आधी म्हणाल्या होत्या, "त्या पोरीला भेटून ये गं." मी हो म्हटलं. एकदा कपिलधारच्या जत्रेत ती समोरून येताना दिसली. मी काय केलं? नारळाच्या ढिगामागं लपले. नारळवाला म्हणाला, "मावशी, घ्यायचाय का नुसतं बघताय?"

नातीचं ते वाचून झालं त्या रात्रीनंतर काही मला भाकरी गोड लागली नाही. आठ दिवसांनी एसटीत बसले आणि शिरूरला गेले. ती आता तिथं मुलाकडं असते हे मला ठाऊक होतं. ठाऊक पहिल्यापासूनच होतं.

ती पडवीत गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. केस पांढरे, डावी पापणी कायमची मिटलेली. मी पायरीशी उभी राहिले. म्हटलं, "वैनी."

तिनं मान वर केली नाही. शेंग मोडली. "आलीस का? लई लवकर आलीस की गं."

मला वाटेत ठरवलेलं सगळं विसरायला झालं. एकदम बोलून गेले, "वैनी, तो दगड माझा व्हता."

"मंग कुणाचा असंल? साऱ्या शिवारात तेवढा नेम दुसऱ्या कुणाला व्हता? बस की, उभी कावून?"

बसले. ती म्हणाली, "मीबी येडीच. हात वर केला तो पोतं काढून तोंड दावायला. आधी काढायला पायजे व्हतं. हाक द्यावी तर मागं माझा दीर रानात, त्यानं ऐकली असती."

"आमचा नियम व्हता, 'जय भीम' घातला तरच..."

"मला कुटं ठाऊक तुमचे नियम? अन् ठाऊक असता तरी घातला असता व्हय मी, तवा? जीभ हासडली असती घरच्यांनी." ती थोडी हसली. मग म्हणाली, "डोळ्याचं मी धरलं न्हाई. भ्यालेल्या माणसाचा हात, त्यो काय बघून सुटतो का?"

मला हलकं वाटायला लागलं होतं. आणि तेवढ्यात ती म्हणाली, "पर त्या बाभळीखाली मी सुदीवर आले तवा एकली व्हते. वाटलं, येईल. तिनंच मारलंय, तर तीच येईल बघायला. आमचा गडी येईस्तोवर वाट बघितली. दवाखान्यात पडल्या पडल्या वाटायचं, येईल. ऊसतोडीहून टोळ्या परत आल्या, तवाबी वाटलं. कपिलधारला नारळामागं लपलीस, तेबी बघितलं. येक डोळा व्हता की मला."

मी तिच्या पायाकडं वाकले. "आता पाया पडतीस?" ती म्हणाली. "पडशील, अन् उठवायला पुन्हा मलाच सुनांना बोलवावं लागंल. सरळ बस."

मी म्हटलं, "औंदा जयंतीला माईकवर सगळं सांगते. तुझं नाव घेऊन सांगते. वस्ती तुझ्यामुळं..."

"अजाबात न्हाई!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. आत सुनेनं डोकावलं. ती गेल्यावर हळू म्हणाली, "त्या दिशी माळावर कोण कोण उभं व्हतं, ठाऊक हाय ना तुला? माझा नवरा व्हता. माझ्या लेकरांना त्यांचा बाप ठाऊक हाय, त्यो मानूस ठाऊक न्हाई. थोरला आता इलेक्शनला उभा ऱ्हातो. तुमच्याच लोकांची मतं मागतो. तुला सांगून हलकं व्हायचंय, अन् ओझं माझ्या पोरांवर टाकतीस?"

"मंग मी काय करू?"

"ते मला इचारतीस?" एवढं म्हणून ती पुन्हा गवार मोडायला लागली. पसाभर शेंगा मीही पुढं ओढल्या. दोघी मोडत राहिलो. शेंगा सरत आल्या तेव्हा ती म्हणाली, "लिहितीस म्हणं तू. लिही. नाव घालू नको. गावाचंबी नको."

म्हणून यात कुणाचं नाव नाही. तिचं नाही तर माझंही नाही. पण बघा, याचा अर्थ काय झाला? ती पुन्हा त्या गोष्टीत नावाशिवायच राहिली. मी चाळीस-पन्नास वर्षं उशिरा गेले. त्यामुळं तिचं ऋण उघडपणे सांगायची वेळच निघून गेली. दोघी तरण्या असताना गेले असते, तिच्या पोरांना कळतं वय यायच्या आधी, तिचा नवरा जिवंत असताना, तर कदाचित तिनं त्याच्याच तोंडावर सांगितलं असतं. तशी ती होती. आता तिला फक्त शांतता पाहिजे, आणि तीही मी माफी मागायला गेले तेव्हा मोडून आले.

तेव्हापासून अधूनमधून जाते. काही दिवशी ती बोलते, माहेरचं बोलते. काही दिवशी "डोकं दुखतंय" म्हणून कुशीवर वळते, मग मी सुनेशी बोलून परत येते. मागच्या खेपेला हे लिहिलेलं नेलं होतं. ती पडून होती, मी पूर्ण वाचून दाखवलं. बैलाच्या जागी तिला हसू आलं. बाभळीच्या जागी तिनं तोंड भिंतीकडं केलं. वाचून झाल्यावर विचारलं, "नाव न्हाई ना कुटं?"

"न्हाई."

"मंग ऱ्हाऊ दे."

बाहेर पाऊस लागला होता. मी कागद पिशवीत घातले आणि तिच्या पायथ्याशी बसून राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "जा आता, शेवटची गाडी चुकंल."

मी म्हटलं, "चुकू दे."

"आता चुकवून काय उपेग?" ती म्हणाली. आणि मला उठावं लागलं.